सतरा नंबरचा उंदीर

ओफेलिया सांपिएरींना रोसारिओ शहरातल्या प्रयोगशाळेत सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांच्या पायाला भिंगरी होती हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या आठवड्यात त्यांनी कहरच केला. दर पाच मिनिटांनी उठायचं, खिडकीतून पाराना नदीकडे बघायचं, भोपळ्याच्या पेल्यातला गार झालेला येर्बाचा कडू चहा नळीने ओढायचा, पुन्हा बसायचं. आणि हे सगळं एका उंदरापायी.

चार वर्षांची मेहनत होती. पोट रिकामं राहिलं की यकृत चरबी जाळू लागतं, त्यासाठी एक जनुक जागं होतं. साध्या उंदरांत ते नीट जागं झालं. मग बाईंनी काही उंदरांतून दुसरंच एक जनुक काढून टाकलं, तर दिवसभर उपाशी ठेवूनही पहिलं ढिम्म हलेना. म्हणजे किल्ली त्या काढलेल्या जनुकाच्या हातात! लेख स्वीकारला गेला होता, शुक्रवारी शेवटची संमती कळवायची होती. फक्त सतरा नंबरच्या उंदरात किल्लीवाचून कुलूप उघडलं होतं.

"द्या हो सोडून!" सहकारी लिसांद्रो वैतागला. "चाळिसांत एक. लग्नात एखादा काका रुसतोच की."

"का रुसला ते कळल्याशिवाय मला घास उतरत नाही."

गुरुवारी सकाळी बाई उंदीरखान्यात गेल्या. एवारिस्तो तिथे बावीस वर्षं पिंजरे धूत होता.

"एवारिस्तो, सतरा नंबरच्या पिंजऱ्यात काही वेगळं घडलं होतं का हो?"

"बाटली गळली होती ना त्याची. खालचा सगळा चुरा भिजला. तो काढला आणि नुसत्या जाळीवर ठेवलं बिचाऱ्याला."

लाकडाचा भुसा मिळेनासा झाल्यापासून, गेली तीन वर्षं, पिंजऱ्यांत मक्याच्या कणसांचा चुरा पसरत. साधे उंदीर तपासले होते त्याआधी, भुशावर. जनुक काढलेले सगळे चुऱ्यावर.

"तो चुरा... खातात का ते?"

"खातात म्हणजे? उपाशी ठेवलं की तुटून पडतात!"

"आणि हे मला आज सांगताय?"

"तुम्ही यकृत तेवढं घेता आणि पळता. बाकीचं मीच उचलतो. पोटं कायम टम्म. म्हटलं, शिकलेल्या बाई, त्यांना असंच हवं असेल."

बाईंना आधी राग आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षांत एकही पोट त्यांनी उघडून पाहिलं नव्हतं. तिथल्या तिथे त्यांनी जनुक काढलेले चार उंदीर जाळीवर उपाशी ठेवले. शुक्रवारी संध्याकाळी यंत्राने उत्तर दिलं. चारही उंदरांत चरबीचं जनुक टक्क जागं होतं.

लिसांद्रो काहीतरी समजवायला आला होता, तो दारातच थांबला. बाई पत्र लिहीत होत्या. कारणाच्या जागी त्यांनी दोनदा लिहून खोडलं. मग सरळ लिहिलं: "लेख मागे घेत आहे. आमचे उंदीर उपाशी नव्हते. हे एवारिस्तो यांना माहीत होतं. मी विचारलं नाही."