कॉल चालू ठेवूनच बघा की

मंडळी, कॉम्प्युटरवर एका वेळी दोन कामं करू नका म्हणणाऱ्यांनी आज आमच्या घरी असायला हवं होतं.

आमचे बाबा अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते, आता रिटायर झालेत. आज सकाळी ते लॅपटॉपवर बंगळुरूच्या ताईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. ती म्हणाली, "बाबा, बाल्कनीचा फोटो मेल केलाय."

"बरं, मग ठेवतो. बघून परत लावतो."

नेहमी असंच होतं. परत लावेपर्यंत ताई मीटिंगमध्ये गेलेली असते.

मी म्हटलं, "कॉल चालू ठेवूनच बघा की."

"मशीनवरचा एक जॉब उतरवल्याशिवाय दुसरा लावत नाहीत," बाबा म्हणाले.

मी ताईची विंडो लहान करून कोपऱ्यात सरकवली आणि शेजारी फोटो उघडला. मग कुंड्यांवरून दोघांचं बराच वेळ चाललं. ते संपल्यावर बाबांनी त्याच स्क्रीनवर पेपर उघडला, ताईने तिकडे तिचं काम सुरू केलं. कोणी बोलत नव्हतं, पण कॉलही कोणी ठेवला नाही.

थोड्या वेळाने पेपरवरची नजर न काढता बाबांनी विचारलं, "चहा टाकू का गं?"

"अर्धा कप," ताई म्हणाली.

तुम्ही कुणासाठी असा कॉल नुसता चालू ठेवता?