मागचं उजवं दार

पुण्याहून सोलापूरला मी आजवर एसटीनेच गेलो होतो. या खेपेला गेलो मोटारीने, आणि तीही कुवेतहून बोटीने आलेल्या. गाडी आमच्या मेव्हण्यांची. सोलापूरच्या एका कॉलेजात दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि मी बाहेरचा परीक्षक. "गाडी ने, पण दारं आपटू नकोस," हे मेव्हण्यांनी तीनदा बजावलं. गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, समोर दिव्यांची रांग. त्यातला एक लाल दिवा चारपैकी कुठलंही दार उघडं राहिलं की पेटतो, हे त्यांनी मला मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं.

भिगवणला चहा झाला, इंदापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना उन्हाने पांढरी पडलेली रानं. टेंभुर्णीच्या फाट्यावर पन्नाशीचा एक माणूस हात करून उभा होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. नाव बिरू. त्याची एसटी चुकली होती आणि दोनच्या आत त्याला अक्कलकोट रोडवरच्या एका चादरींच्या कारखान्यात पोचायचं होतं. त्याने गाडीचं हँडल ओढून मोडू नये म्हणून मीच खाली उतरलो, मागचं उजवं दार उघडून त्याला बसवलं आणि माझ्या जागेवर येऊन माझं दार अलगद लावून घेतलं.

बिरू घरी घोंगडी विणायचा, पण घोंगड्यांना आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं. कारखान्यात ताण्याचे (मागावरचे उभे धागे) तुटलेले धागे जोडायला माणूस हवा होता. जॉबर (मागांवर देखरेख करणारा) समोर बसवून गाठी मारायला लावणार. हात चालला तर उद्यापासून काम. मी परीक्षा घ्यायला चाललो होतो आणि हा द्यायला, याची मला गंमत वाटली.

"मिळंल की काम," त्याने बोटं नाचवून दाखवली. "ह्या बोटास्नी डोळं हायेत."

एवढ्यात माझं लक्ष गेलं. लाल दिवा पेटलेला होता.

मी गाडी थांबवली आणि दार नीट लावायला सांगितलं. त्याने ते उघडून हलकेच लावलं. दिवा तसाच. शेटफळला पुन्हा तेच. मोहोळला हॉटेलासमोर तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा माझा तोल गेला. जरा जोर लावा म्हटलं, तर म्हणाला, "दुसऱ्याचं दार आपटू न्हाय, सायेब. घरधन्याला लागतं."

बाकांवर चार माणसं चहा पीत बसली होती. त्यांच्यासमोर मी मोठ्याने म्हणालो, की तुम्हा लोकांना साधं दार लावता येत नाही आणि परक्याची गाडी तुम्ही बिघडवून ठेवलीत. ती माणसं हसली.  गाडी सुरू झाल्यावर बिरू हळूच म्हणाला, "म्या धरून बसतो." सोलापूर येईपर्यंत त्याने ते दार उजव्या हाताने आत ओढून धरलं. मी मधूनमधून आरशात बघत होतो, त्याने सोडलं तर नाही ना म्हणून.

दोनच्या आधी त्याला कारखान्याच्या फाटकाशी सोडलं. उतरल्यावर त्याची मूठ उघडेना. डाव्या हाताने त्याने एकेक बोट सोडवलं. ते मी पाहिलं आणि तरीही आपण उपकार केले असंच मला वाटत राहिलं.

तो उतरला तरी दिवा पेटलेलाच होता. पुढे एक मिस्त्री दिसला. मी जागेवर बसूनच तक्रार सांगितली. त्याने पानासुद्धा उचलला नाही. चारी दारांना बाहेरून एकेकदा तळवा लावून दाब दिला. माझ्या दाराशी खट्ट झालं आणि दिवा विझला.

"साब," तो म्हणाला, "दरवाजा तो तुमाराच आधा लगा था."

टेंभुर्णीपासून मी एकदाही जागचा उठलो नव्हतो. जे काही तपासलं ते फक्त बिरूच्या बाजूचं. एकेक गोष्ट तपासा, आधी स्वतःची चूक शोधा, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवतो. मला माझीच किळस आली. मी गाडी वळवली.

बिरू फाटकाजवळ कडुनिंबाखाली बसला होता. मागाशी त्याची बोटं वळली नव्हती, गाठी सुटल्या होत्या. जॉबरने त्याला परत पाठवलं होतं. "वय झालं म्हनला," तो म्हणाला. "खरं हाय ते. आजच समजलं बगा."

मी त्याला घेऊन आत गेलो. मागांच्या खडखडाटात जॉबरला ओरडून सांगावं लागत होतं. खरं सांगायचं असंच ठरवून मी गेलो होतो. पण त्याने माझ्या इस्त्रीच्या कपड्यांकडे बघून पुढे खुर्ची सरकवली आणि माझी जीभ भलतीकडेच वळली. मी म्हणालो, "गाडीचं मागचं दार खराब होतं. यांनी ते वाटभर धरलं, म्हणून हात आखडलाय."

जॉबर भला माणूस. त्याने बिरूला तासभर बसवलं, मग पुन्हा मागाशी नेलं. या वेळी बोटं चालली. काम मिळालं.

बिरूने मला हात जोडले. "तुमी माघारी आला म्हनून झालं, सायेब. न्हायतर म्या म्हातारा झालो असंच समजून घरी गेलो असतो. ते दार मातर नीट करून घ्या."

मी हो म्हणालो.

परीक्षा आटोपून तिसऱ्या दिवशी पुण्याला परतलो. गाडीने त्रास दिला का, असं मेव्हण्यांनी विचारलं. एकदा बोललेलं पुन्हा बोलणं सोपं गेलं. मागचं उजवं दार जरा त्रास देतं, असं मी सांगितलं. तेव्हापासून त्या बाजूला कुणी बसायला आलं, मग ती त्यांची म्हातारी आई का असेना, मेव्हणे तिला दोनदा दार लावायला लावतात. मी पुढे बसून लाल दिव्याकडे बघत असतो.