खोळकाकूंची निळी

काका वाफ्यात उभे होते आणि त्यांच्या पायाखाली काय आहे हे एकट्या काकूंनाच माहीत होतं. मला वरची निळी फुलं तेवढी दिसत होती. मी आमच्या बाजूला, कमरेएवढ्या भिंतीलगत, दोरीवरचे कपडे काढत होते आणि मनात म्हणत होते, एवढी जपलेली बाग तुडवली, आता काकांची काही खैर नाही. पण काकू ओरडल्या नाहीत. वाफ्यापलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात, ओलं फडकं हातात घेऊन त्या उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

या बाईंना आमची गल्ली खोळकाकू म्हणते, आणि त्यात निम्मा वाटा माझा आहे. मी शिवणकाम करते. त्यांच्या फ्रिजला, मिक्सरला, रेडिओला, वजनकाट्याला मीच खोळी शिवून दिल्या. धुतलेल्या खोळी ठेवायच्या पेटीलाही एक खोळ आहे, शपथ घेऊन सांगते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मी न राहवून म्हटलं, “काकू, कधीतरी मूठ उघडून बघा, आत काय आहे ते तुम्हाला तरी कळेल.” त्यानंतर बरेच दिवस अबोला होता. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

काका बस चालवायचे. नोकरी संपली आणि हळूहळू ते दिसेनासेच झाले. विचारलं की काकूंचं उत्तर तयार. “झोपलेत.” “जरा पडलेत.” “पेपर वाचतायत.” दिवसभर पेपर वाचणारा माणूस परीक्षेला बसणार आहे की काय, असं मी एकदा म्हणून पाहिलं. काकू हसल्या नाहीत.

त्यांच्या मागच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची जुनी टाकी होती. वापर बंद, पण आत पाणी साठलेलं. झाकणाला तडे गेले होते. गवंडी येऊन बघून गेला होता. “सळ्या गंजल्यात, बाई. झाकण नवं टाकू, चार दिवस द्या मला.” चार दिवस परका माणूस घरात वावरणार आणि काकांना बघणार, म्हणून काकूंनी त्याला नको सांगितलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की त्यांनी अंगणात माती पसरली आणि नर्सरीतून रोपं आणून कडेने लावली.

रोपाचं नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला नुसतं ‘निळी’ म्हणायचो. वीतभरही उंच न होणारी, पण पसरायला पटाईत. काकू तिची आडवी फांदी मातीला टेकवायच्या, वर केसातला आकडा खोचायच्या, आणि थोड्याच दिवसांत त्या पेराला मुळं फुटायची. पानं बारा महिने हिरवीगार. फुलं शर्टाच्या बटणाएवढी. बघता बघता अंगण निळं झालं, गवताला शिरायला जागा राहिली नाही. मी एक फांदी मागितली तर काकूंनी कडेची तोडून दिली. मी पाय टाकायला गेले तर म्हणाल्या, “आत जाऊ नकोस, मुळं नाजूक आहेत.” मुळं कसली नाजूक! ही जात दगडावर टाकली तरी जगेल. मला वाटलं, बाई चिक्कू झाली.

“इकडे या,” त्या दुपारी काकू दारातून म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. “आपण कोण?” अगदी सभ्यपणे विचारलं, आणि एक पाऊल पुढे टाकलं.

खालून कट्‌ असा आवाज आला.

“थांबा! तिथेच थांबा!” काकू किंचाळल्या. काका थबकले. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली, वरच्या गच्चीत एक. काकूंनी ती डोकी पाहिली. त्यांचे ओठ घट्ट मिटले, आणि मला भीती वाटली की आताही त्या म्हणतील, काही नाही, फिरायला आलेत.

“अगं शिंपीणबाई!” त्या ओरडल्या, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. “ह्यांना काही आठवत नाही! मी कोण तेही कळत नाही! खाली टाकी आहे, झाकण मोडलंय, मीच झाकलंय गं ते! काहीतरी कर!”

काका पुढे गेले तर थेट टाकीच्या मध्यावर. आमच्या भिंतीकडची जमीन पक्की होती, म्हणजे मागेच यायला हवं होतं. “काका, मागे या,” मी म्हटलं.

“मागचं मला दिसत नाही,” काका चिडून म्हणाले. “क्लीनर कुठे मेलाय?”

“रिव्हर्स!” काकू ओरडल्या. “मागून आवाज दे!”

मी भिंतीवर पंजा आपटला. “येऊ द्या! मागे येऊ द्या!”

काकांचे दोन्ही हात उचलले गेले, त्यांनी हवेतलं चाक धरलं, मान वळवून नसलेल्या आरशात पाहिलं. एक पाऊल मागे. खाली पुन्हा आवाज.

“सरळ! येऊ द्या!”

“मागे माणसं नाहीत ना?”

“कुणी नाही! येऊ द्या, येऊ द्या...”

त्यांची टाच पक्क्या जमिनीला लागली आणि झाकण गेलं. धप्पकन पाण्याचा आवाज झाला. वरची निळी मात्र जागची हलली नाही, भोकावर तशीच ताणून राहिली, फुलांसकट. मी काकांची कॉलर मुठीत धरली.

“नीट लागली का?” त्यांनी विचारलं.

“नीट लागली, काका.”

काकू दारातच खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. मीही रडले, पण कॉलर सोडली नाही.

गवंडी आला, त्याने कडी असलेलं जाड झाकण बसवलं. निळी अजून त्यावर चढू बघते, आणि काकू माझी कात्री नेऊन तिला गोल कापतात. “खोळ शिवू का झाकणाला?” मी विचारलं. “गप्प बस,” म्हणाल्या, पण हसल्या.

काका आता अंगणात खुर्चीवर बसतात. येणारा-जाणारा भिंतीवर थाप मारून जातो. मधूनच ते काकूंकडे बघून विचारतात, “आपण कोण?” पूर्वी या प्रश्नाला काकू खिडक्या लावून घ्यायच्या.

“तुमची बायको!” काकू ओरडून सांगतात. काकांना ऐकायला नीट येतं, तरी ओरडून सांगतात.

“बरं झालं,” काका म्हणतात. “मला वाटलं, कुणी परकं आहे.”