दादाचा बगुला

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बास्केटबॉल खेळणारी पोरं डंक मारत नव्हती, बगुला मारायची. हे नाव माझ्या मोठ्या भावाच्या डंकला पडलेलं. दादा उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायचा आणि खाली येताना उजवा पाय पोटाशी दुमडून एकट्या डाव्या पायावर उतरायचा. क्षणभर तसाच उभा. तळ्यातला बगळा बघून घ्या. पब्लिक पागल व्हायची, आणि सगळ्यात जास्त मी.

मग मलाजखंडच्या टाउनशिपमध्ये मॅच होती, तिथे तसाच उतरताना त्याचा डावा गुडघा गेला. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालशील-फिरशील, उड्या मात्र विसर. त्या दिवसापासून दादाने कोर्टाचा रस्ताच टाकला. बाजारातून यायचं तरी लांबच्या गल्लीने. खेळायचे बूट माळ्यावर फेकले. मी अंगणात चेंडू आपटला की हा खोलीचं दार लावून घ्यायचा.

"राहू दे त्याले," आई म्हणायची. माझं डोकं फिरायचं. एवढा खेळाडू आणि दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतो म्हणजे काय? मला तो कोर्टवर परत हवा होता, बाकी काही नको होतं.

"दादा, सगळे तुयाच बगुला मारून राह्यले. चाल ना एकदा पाह्यले."

"मले नाही यायचं."

"काहून?"

"नाही म्हटलं ना."

शेवटी एका रविवारी औषध आणायचं म्हणून त्याला स्कूटीवर मागे बसवलं आणि गाडी सरळ कोर्टवर नेली. "तू लय शहाणी झाली," तो दात खाऊन बोलला. पण काठी घेऊन उतरला.

आमच्या कोर्टची एक रिंग लटकून लटकून वाकलेली, चांगली वीतभर खाली आलेली. तिच्यासमोर रांग होती. कॉलेजची पोरं, आम्ही पोरी, आणि बँकेतले एक पोट सुटलेले काका, ज्यांचा चेंडू जाळीपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. पण उतरताना काकाही एका पायावर, हात पसरून. "अबे, भैया आए हैं, बगुला लगाओ," कोणीतरी ओरडलं आणि नुसता धुरळा उडाला. एकामागे एक उड्या, एकामागे एक बगळे. पोरींमध्ये मीच उंच, आणि आज हुकायचं नाही असं ठरवूनच आले होते. धावले, उडाले, चेंडू कोंबला. बसला! उजवा पाय पोटाशी, डाव्यावर उभी, हुबेहूब दादा. टाळी मिळेल म्हणून त्याच्याकडे पाहिलं.

त्याचा चेहरा उतरला होता. काठी टेकत तो कोर्टच्या मधोमध आला.

"कोनं शिकवलं तुमाले असं उतराले?"

एक पोरगा म्हणाला, "आप ही ने तो, भैया."

दादा माझ्याकडे बघत म्हणाला, "ते स्टाइल नव्हती. उजवा गुडघा आधीपासून दुखत होता माया. त्याच्यावर भार नको म्हणून एका पायावर उतरत होतो. अन् म्हणूनच हा दुसराही गेला."

एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी तर आरशासमोर उभी राहून तो पाय दुमडायला शिकले होते.

"पुन्हा मार," तो म्हणाला. "दोन्ही पायांवर. गुडघे नरम ठेव. उतरल्याचा आवाज नाही याले पाह्यजे."

मारला. धप्पकन आवाज आला. "पुन्हा." परत मारला. मग पोरांची पाळी, मग काकांची. दादा काठी हवेत फिरवत ओरडत होता, पोरं हसत होती, धापा टाकत होती, परत रांगेत लागत होती. अंधारात चेंडू दिसेनासा झाला तरी कोणी घरी जाईना. पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि मला इतका आनंद झाला होता की परतताना स्कूटीवर मी उगाच हॉर्न वाजवत होते. दादा मात्र मागे गुडघा चोळत बसलेला. उद्याचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चेंडू घेऊन बाहेर आले तर तो स्कूटीजवळ उभा.

"चाल लवकर," म्हणाला, "उजेड जाऊन राह्यला."

त्याच्या पायात माळ्यावरचे बूट होते.