रविवार पाळणारा भाडेकरू

माझी नगरला बदली झाली तेव्हा दुष्काळ ऐन भरात होता. मी शाळामास्तर. बायको जामखेडकडे आमच्या गावी होती, पोटुशी, आणि डोक्यावर हंडा घेऊन रोज दीड मैल चालत होती. तिला लवकर आणायचं तर एक खोली आणि स्वयंपाकघर हवं होतं, एवढीच माझी मागणी. नगरातल्या घरमालकांना मात्र भाडेकरू नको होता, जावई हवा होता. गाव कोणतं, पाहुणे कुठले, सोयरीक कुणाकडे, कुलदैवत कोणतं. आम्ही ख्रिस्ती. चार घरी मी हे सरळ सांगितलं आणि चारही घरी ती खोली नेमकी त्याच सकाळी दुसऱ्या कुणाला दिलेली निघाली.

पाचवा घरमालक कोर्टातून निवृत्त झालेला कारकून होता. जन्मभर लोकांच्या जबान्या उतरवल्यामुळे आपल्याला माणूस आरपार दिसतो, असा त्याचा समज. त्याने मला ओसरीवर पाऊण तास बसवलं. आमचं आडनाव दहा जातींत सापडतं आणि वडिलांनी माझं नावही कुठल्याही देवळात खपेल असंच ठेवलेलं, त्यामुळे त्याची गाडी अडली. सरळ जात विचारणं त्याच्या शिक्षणात बसत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "मास्तर, देवधर्म काही करता की नाही?"

"रविवार पाळतो," मी म्हणालो. "सकाळी देवाला जाऊन आल्याशिवाय खात नाही."

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे खंडोबा. आमचंही कुलदैवत तेच."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. किल्ली हातात पडली.

त्यानंतर दर रविवारी मी धुतलेला सदरा घालून सायकलवर चर्चला निघालो की हा गृहस्थ भंडाऱ्याची डबी घेऊन दारात उभा. माझ्या कपाळाला हळद फासायचा आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "आमचे मास्तर रविवारचे कडक." कोपऱ्यावर वळलं की मी रुमालाने कपाळ पुसायचो. चंपाषष्ठीला तर वांग्याचं भरीत आणि रोडगा माझ्या खोलीत पोचला, कारण घरात एवढा भक्त असताना पहिलं ताट त्यालाच द्यायचं होतं. मी भरीत चाटूनपुसून खाल्लं. त्या माणसाला मनातल्या मनात गाढव म्हणताना मला फार हुशार झाल्यासारखं वाटायचं.

गावचं आवरून निघेपर्यंत बायकोला सातवा महिना लागला. एका रविवारी दुपारी मी तिला एस.टी. स्टँडवरून घेऊन आलो. ट्रंक खाली ठेवून पाव तास झाला नसेल, तोच घरमालकीण हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. बायकोने हात जोडले. "आमी ख्रिस्ती मानसं, काकू. कुंकू लावत न्हाई. पर तुमी बसा, च्या टाकते."

मालकीण बसली नाही. पाच मिनिटांत मालक आला. आता सामान बाहेर काढायला सांगतो, असं मला वाटलं, पण तेवढीही धमक त्याच्यात नव्हती. त्याने आधी दार लोटलं.

"माझ्या देव्हाऱ्यातला भंडारा लावलाय मी तुम्हाला," तो दबक्या आवाजात म्हणाला. "गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. खोली तुमचीच. फक्त बाईंनी कुंकू लावायचं, आणि तुमचा रविवार चाललाय तसा चालू द्यायचा."

देव बाटल्याचं त्याला काहीच नव्हतं. सगळी काळजी समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या तीन म्हाताऱ्यांची. असल्या माणसाची मला अजून किळस येते. पण पुढचं मी बोललो, तो नव्हे.

"लाव ना," मी बायकोला म्हणालो. "टिकलीएवढं तर असतं. इथं पाणी दारात आहे."

तिने मालकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती. "आन तुमच्या कपाळाला ह्ये काय हाय?"

मी हात लावून पाहिला. घाईत पुसलेला भंडारा केसांच्या कडेला राहिला होता.

सकाळी मी उठलो तेव्हा तिची ट्रंक बांधलेली होती. स्टँडवर गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "तिकडं पानी लांब हाय. पर वाटंनं कुनी कपाळ बघत न्हाई."

मुलगी गावाकडेच झाली. ती खोली मी पुढे दोन वर्षं ठेवली, पण बायकोने तिथे पुन्हा पाऊल टाकलं नाही.

बायको गावी परत गेली त्यानंतरच्या रविवारी मालक नेहमीसारखा डबी घेऊन दारात उभा होता. आता मी कोण ते त्याला माहीत होतं, आणि तो कोण ते मला. समोरच्या ओट्यावरचे म्हातारे बघत होते. मी सायकल भिंतीला टेकवली आणि कपाळ पुढे केलं.