जाऊन राहिली

प्रणाली आता वाद घालत नाही, ही काळजी सीमाताईंच्या मनातून काही केल्या जाईना.

पोळी गोलच का पाहिजे म्हणून लहानपणी रुसून बसलेली पोर. पुढे अकोल्यात वकिली करायला लागली तेव्हा कोर्टात उरलेलं भांडण घरी आणून जेवताना संपवायची. आणि आता अमरावतीहून फोनवर सारखं एकच, "हो आई, तुझं बरोबर आहे."

"अहो, तिला काही होत तर नसेल ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं.

पंजाबराव पेपरातून मान न काढता म्हणाले, "मी लग्नापासून वाट पाहून राहिलो, कोनी तरी मले बरोबर म्हनावं. तुले भेटलं, त तू रडून राहिली."

आज सकाळी तर खुशालराव वकीलच घरी आले. प्रणालीनं वकिलीची सुरुवात त्यांच्याच हाताखाली केली होती. चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, "वहिनी, डोयानं दिसत नाही आता. कोर्टातलं टेबल, पुस्तकं, पक्षकार, सारं तिच्यासाठी धरून ठेवलं. पन सोमवारी दुसऱ्याले द्या लागते. तुमी पोरीले एक शब्द सांगा."

"तुम्हीच बोला ना तिच्याशी."

"बोललो. म्हने, आई म्हनेल तसं करीन. जिंदगीभर माह्या एका वाक्याले हो म्हटलं नाही थ्या पोरीनं!"

खुशालराव हसले. सीमाताईंना हसू आलं नाही. एक शब्द, आणि पोरगी घरी. एवढं सोपं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं, आणि सोपं झालं तशी त्यांना भीती वाटायला लागली.

दुपारी जेवणं आटोपून त्या कूलरसमोर आडव्या झाल्या. बाहेर मे महिन्याचं ऊन रस्त्यावर पाण्यासारखं हलत होतं. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला. डोळे मिटले, पण झोप नव्हती. झोपेच्या उंबरठ्यावर असतं ते काहीतरी होतं. अमरावतीची ती भाड्याची खोली, डब्याचं थंड जेवण, तासिका तत्त्वावरची नोकरी, म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाहीतर कोणी नाही. इकडे घर, नाव, आयतं टेबल. आणि हे सगळं सोडलं कशासाठी? एका वाक्यासाठी.

ते वाक्य भागीरथेचं. भागीरथा भाजी विकायची. माहेरी भावाला भेटायला निघाली, आणि मागून दिरानं तिच्या खोलीला आपलं कुलूप ठोकलं. प्रणालीनं तिच्या वतीनं दावा लावला. उलटतपासणीत भागीरथा म्हणाली, "थ्या दिवशी मी भावाकडं जाऊन राहिली होती." म्हणजे, जात होते, वाटेत होते. लिहिणाऱ्यानं शब्दाला शब्द लिहून घेतलं. प्रणालीनं स्वतः वाचून पाहिलं, भागीरथेनं सही केली. न्यायाधीश कोकणातून बदलून आलेले, सज्जन माणूस. त्यांनी ते जसं त्यांच्याकडे वाचतात तसंच वाचलं: बाई भावाकडे गेली आणि तिथेच राहिली. आपण होऊन घर सोडलेल्या बाईला बाहेर काढलं कोणी? दावा फेटाळला.

अपिलात प्रणालीनं तो घोळ उलगडून दाखवला. भागीरथेला खोली मिळाली, ती पेढे घेऊन आली. तिच्यापुरतं प्रकरण संपलं होतं. प्रणाली मात्र पेढा हातात धरून बसलेली.

"आई, लिहिणारा चुकला नाही. वाचणारा चुकला नाही. मी वाचलं तेव्हा मलाही सगळं बरोबरच दिसलं. मग ती खोली गेली कुठे?"

"मिळाली ना परत? खा तो पेढा."

पण ती त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीतून जी आत गेली, ती गेलीच. आणखी शिकली, परीक्षा दिल्या, अमरावतीला कायदा शिकवायला लागली. साक्षीदार काय बोलतो आणि कागदावर काय उरतं, यावर आता प्रबंध लिहितेय. वर आईलाच म्हणाली होती, "पहिलं कोर्ट तर आपलं घरच. मी 'मले' म्हटलं की तू 'मला' लिहून घ्यायचीस."

ते खरं होतं. सीमाताई वरूडच्या, संत्र्यांच्या बागेत वाढलेल्या. बी.ए.ला अमरावतीच्या वसतिगृहात आल्या आणि मुली हसल्या म्हणून त्यांनी बोलणं धुऊन पुसून घेतलं. घरात पंजाबरावांना सूट होती, मुलीला नव्हती.

कूलर घरघरत होता. त्या आवाजातून मागच्या महिन्यातला तो वर्ग हळूहळू वर आला. त्या अमरावतीला गेल्या होत्या, आणि खोलीवर एकटी काय करशील म्हणून प्रणालीनं त्यांना वर्गात मागच्या बाकावर बसवलं होतं. फळ्यावर तेच वाक्य. "ही बाई आत्ता कुठे आहे?" प्रणालीनं विचारलं.

"रस्त्यात आहे, मॅडम!" धम्मदीप नावाचा मुलगा ओरडला.

"रस्त्यात कुठली?" नाशिककडची दामिनी उसळली. "गेली, राहिली, संपलं! स्वच्छ लिहिलंय."

"तुह्याकडं संपलं असंल. आमच्याकडं अजून चालून राहिली ते बिचारी!"

वर्ग पेटला. बाकं वाजली. प्रणाली खडू घेऊन शांत उभी होती. कोणी दमून थांबलं की ती त्याच्याकडे वळून म्हणायची, "पुन्हा सांग." आणि ऐकायची. असं, की सांगणाऱ्याला आपलंच वाक्य नव्यानं ऐकू यावं.

मग वर्ग विरला आणि बाग आली. संत्र्याच्या बहराचा वास, झाडांच्या ओळींमधून कुठूनतरी आईची, गोदाबाईंची हाक: "सीमे, काय करून राहिली वं?" किती वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. त्या उत्तर द्यायला वळल्या तर बागेच्या वाटेवर पुढे प्रणाली चाललेली. जवळ येत नव्हती, दूरही जात नव्हती.

"कुठे गं?"

"जाऊन राहिली, आई."

सीमाताईंनी तिचं वाक्य सुधारलं नाही.

कूलरमधलं पाणी संपून कोरडा आवाज यायला लागला तशा त्या उठून बसल्या. वाळ्याचा वास अजून होता, की बहराचा, कळेना. पोर गेली आणि तिकडचीच झाली, असंच त्या आजवर वाचत आल्या होत्या. ती तर वाटेत होती. आणि वाटेत असलेल्या माणसाला मागून हाक मारली, की ते वळतं. प्रणाली तर नक्की वळली असती, हल्ली ती ऐकते म्हणून. त्यांनी उशाचा फोन हातात घेतला.

पंजाबराव पाण्याची बादली घेऊन आले. "कोनाले फोन लावून राहिली? वकीलसायबाले?"

"नाही. पोरीले," सीमाताई म्हणाल्या. पंजाबराव बादली हातात धरून बघतच राहिले.

टेबलाचं सगळं सांगायचं, सोमवारचंही. ये म्हणायचं नाही, येऊ नको असंही म्हणायचं नाही. तुले काय पाहिजे, एवढंच विचारायचं. आणि ती म्हणाली ना, तू म्हणशील तसं, तर आपण तिच्यासारखंच शांत राहून म्हणायचं: पुन्हा सांग. भांडेपर्यंत म्हणत राहायचं.

त्यांनी चष्मा लावला आणि प्रणालीच्या नावावर बोट ठेवलं.