चार वाजताची एक रिंग

आई पहिल्यांदा परदेशी निघाली तेव्हा तिच्यासाठी मोबाइलचा प्लॅन मी निवडला. रागात निवडला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडणार नाही.

राग भावावर होता. तो कॅनडात बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. बाबांच्या आजारपणात त्याने मला फोनवरून औषधांच्या वेळा शिकवल्या आणि मयतीला आला नाही. आता त्याच्या घरी बाळ होणार म्हटल्यावर त्याला आई आठवली, आणि आईनेही सगळं विसरून डिंकाचे लाडू बांधायला घेतले. मिहानमधल्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून तिला सदर भागातल्या मोबाइलच्या दुकानात नेलं ते मी. वाटभर तिच्या तोंडात नाव मात्र त्याचं.

दुकानदाराने तीन प्लॅन सांगितले. पहिल्यात बोलणं आणि नेट दोन्ही, दुसऱ्यात आलेले फोन तेवढे घेता येणार, तिसऱ्यात नुसतं नेट. आईने एकच विचारलं, "भाऊ, तिकून इकडं मिसकॉल देता यीन का?"

"पहिल्यात जाईन, काकू," तो म्हणाला. तिचं समाधान झालं. ती बाहेर बाकड्यावर जाऊन बसली.

हा मिसकॉल खापा गावच्या मावशीसाठी होता. मावशी आईहून मोठी, विधवा, सुनेजवळ राहणारी आणि कानाने ठार. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं. म्हणून दोघी बहिणींनी तोड काढली होती. रोज दुपारी चार वाजता आई तिला एक रिंग द्यायची. मावशी आपला बटणांचा फोन मांडीवर घेऊन तयारच असायची. तो थरथरला की कॉल कापायची आणि उलट एक रिंग द्यायची. मी आहे, तू आहेस, संपलं. बाबांना नेलं त्या दिवशीसुद्धा चार वाजता आईने डोळे पुसून रिंग दिली होती. मला तेव्हा तिची चीड आली होती.

तर या एका न उचललेल्या रिंगसाठी सगळ्यात महागाचा प्लॅन. नाकापेक्षा मोती जड. पण पैसे हे निमित्त, तेवढे माझ्या पर्समध्ये होते. खरं कारण असं, की दीड महिना तिने तिकडून उठसूट फोन करून लेकाचं कौतुक ऐकवावं, हे मला नको होतं, आणि नेटवरून फोन लावायला तिला येत नव्हतं. मी तिसरा टाकायला सांगितला. दुकानदार म्हणाला, "यात कॉल बंद राहीन, मॅडम. मिसकॉल बी नाही जाणार." मी म्हटलं, "माहीत आहे."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "लागन ना वं?"

"लागन," मी म्हटलं.

पोचल्यावर दोन दिवसांनी ती भावाच्या फोनवर व्हिडिओत दिसली. मागे तिची सून उभी. "माझ्या फोनातून जातच नाही वं. कोणी बाई इंग्रजीत बोलते. मावशीले सांगून दे." भावाच्या फोनवरून तिने एकदा रिंग देऊन पाहिली होती, पण अनोळखी नंबर दिसला की मावशी फोन उशीखाली दाबून टाकायची. फसवणारे फोन येतात, असं तिच्या मनात बसलं होतं. मी आईला "सांगते" म्हटलं आणि आठ दिवस सांगितलं नाही. विसरले म्हणता येईल. पण विसरले नव्हते, मला त्याची पडलीच नव्हती.

नवव्या दिवशी मावशीच्या सुनेचा फोन आला. "ताई, सासूबाई धड जेवून नाही राहिल्या. म्हणतात, माझी बहीण गेली अन् तुम्ही लपवून राहिले."

मला हसू आलं. "त्यांना सांगा, ती परदेशात आहे, तिथून फोन लागत नाही."

सून म्हणाली, "मामाच्या वक्ती आपण हेच सांगितलं होतं, ताई."

आमच्या घरात म्हाताऱ्या माणसांना मरण एकदम सांगत नाहीत. मामा, म्हणजे आई-मावशीचा भाऊ, गेले तेव्हा मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन ताजं होतं. रडून टाके तुटतील म्हणून तेरवी होईपर्यंत तिला सांगितलं, मामा लेकाकडे बाहेरदेशी गेले आहेत, तिथून फोन लागत नाही. जुना व्हिडिओही दाखवला. ते वाक्य माझंच होतं, आणि तेव्हा सगळ्यांनी माझ्या हुशारीचं कौतुक केलं होतं. आता मी आईचा कालचा व्हिडिओ पाठवला, तर मावशी तो बघून म्हणाली, "मामाचा बी असाच दाखवला होता."

प्लॅन बदलायला मला पाच मिनिटं लागली असती. बदलला नाही. रविवारी खाप्याला जाऊन समोरासमोर व्हिडिओ लावून देते, असं म्हटलं. रविवारी ऊन फार होतं, मी गेले नाही.

त्याच आठवड्यात मावशी एका सकाळी कोणाला न सांगता कन्हान नदीवर गेली, बहिणीच्या नावाने आंघोळ करून आली आणि सुतक धरून बसली. ऑफिसात मी ही गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले. कोणी तरी म्हणालं, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. आईचं वाढलं असेल. मावशी मात्र पंधरवड्यात गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. सून म्हणाली, शेवटी शेवटी रडणंही बंद झालं होतं. एवढंच म्हणायची, "लहान पुढं गेली. मले आता इथं काय काम आहे?"

भावाचं फर्मान आलं, घरात बाळंतीण आहे, आईला आत्ता कळवू नका. मी ऐकलं. त्यानंतर व्हिडिओवर आई विचारायची, मावशी बरी आहे ना, आणि मी मान हलवायची. मरण एकदम न सांगायची आमची रीतच ती.

ती परतली त्या दिवशी घरी आणून चहा हातात दिला आणि सांगितलं. ती रडली नाही. कधी, कशानं, कोण कोण होतं, एवढं विचारलं. मग म्हणाली, "रोज फोन घेऊन बसत असन बिचारी. माझी वाट पाहत गेली."

मी गप्प राहू शकले असते. पण दीड महिना भावाकडे राहून आलेली ती, त्याच्या मुलाचं बाळसं अंगावर मिरवत आलेली, आणि तिचं दुःखही इतकं नीटनेटकं असावं, हे मला बघवलं नाही. मी म्हटलं, "वाट नाही पाहिली तिनं. तू मेली असं समजून बसली होती. तुझ्या नावानं आंघोळ केली. मीच मुद्दाम फोन न लागणारा प्लॅन टाकला होता."

ती मला काही बोलेल, निदान कप तरी आपटेल, असं वाटलं. त्याचीच मी वाट बघत होते. पण माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मंग ती तिकडं वर मले शोधून राहिली असन वं," ती म्हणाली. "अन् मी इथं चहा पिऊन राहिली."